आक्काची गाडी आणि क्लिअरचा वाद

आक्का, तू गेल्यावर तुझी गाडी मीच चालवत शिरोलीला माझ्या शेडवर आणली. वाटेत बांबवड्याला नेहमीच्या टपरीसमोर पाय आपोआप ब्रेकवर गेला. टपरीवाल्यानं लांबूनच गाडी बघून दोन कप चहा ओतला. मी एकटाच उतरलो तेव्हा त्याला आठवलं. तो किटली हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी दोन्ही कप मीच प्यालो आणि गाडीत येऊन बसलो.

लोक म्हणतात, डॉक्टरीणबाईंबद्दल काहीतरी लिहून द्या. तुझं शिक्षण, तुझा दवाखाना, गावोगावचे सत्कार, ते सगळं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांना तारखाही माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मला त्यातलं काही लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं, तेवढं लिहितो. तू समोर असतीस तर मधेच तोंड घातलं असतंस. आता ऐकून घे.

तू गाडी घेतलीस ती साठ आणि सत्तरच्या मधली वर्षं. आप्पा तुझ्यावरही नाराज होते आणि माझ्यावरही. शाळामास्तराच्या घरात मुलगी डॉक्टर झाली याचा त्यांना केवढा अभिमान होता! पण ती शहरातली चांगली नोकरी सोडून शाहूवाडीच्या डोंगरात दवाखाना काढते म्हटल्यावर त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. आणि मी तर मॅट्रिकनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजमध्ये रंग फवारायची गन हातात धरलेली. "एक गेली रानात, एक बुडला थिनरमध्ये," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्या दिवसांत आपण दोघं एकमेकांना धरून होतो ते यामुळेच. घरातले दोन नापास एका बाकावर.

मी नुकतीच स्वतःची शेड टाकली होती. तू जुनी करडी ॲम्बॅसडर घेऊन दारात उभी राहिलीस. माझ्या शेडमधली ती पहिली गाडी.

"कुठला रंग मारू?" मी विचारलं.

"डाळिंबी."

"आक्का, लाल जातीचा रंग ऊन सोसत न्हाय. वर्षात विटतो. हाय तोच करडा ठेव, न्हायतर काळा घे."

"करडी गाडी धुक्यात दिसती व्हय? आमच्या तिकडं पावसाळ्यात हात लांब केला तर हात दिसत न्हाय. बाया-माणसं रस्त्यावर गाडीची वाट बघत थांबत्यात. त्यांना लांबनं कळलं पायजे, मी आलो म्हणून."

'मी आलो.' पुण्याला शिकायला गेलीस तेव्हा वसतिगृहातल्या मुली तुला हसायच्या, ही बाईमाणूस असून 'मी येतो, मी जातो' म्हणते म्हणून. तू त्यांना सांगितलंस, कोल्हापुरात बायका अशाच येतात आणि अशाच जातात. डॉक्टर झालीस, इंग्रजीत भाषणं केलीस, पण ते 'आलो' काही सोडलं नाहीस.

तर डाळिंबी. तेव्हा आम्हा रंगाऱ्यांकडं एकच रस्ता होता. रंग आणि चकाकी एकाच डब्यात. आधी पत्र्याचे खड्डे लांबी म्हणजे पुट्टी भरून सारखे करायचे, प्रायमरचा तळाचा थर मारायचा, वॉटर पेपरनं घासायचं, मग रंगाचे पातळ थर एकावर एक. वाळला की तो दिसायला मेलेलाच. चकाकी आतच असते, पण ती घासून वर काढावी लागते. रबिंग कंपाउंडची ती मऊ, किंचित खरखरीत लापशी फडक्यावर घ्यायची आणि खांदे भरून येईपर्यंत फिरवायची. हळूहळू पत्र्यात खिडकी दिसायला लागते, मग झाड, मग आपलं तोंड. फडकं बघावं तर डाळिंबी झालेलं. तू ते फडकं उजेडात धरून विचारलं होतंस, "वश्या, म्हंजे दरवेळी थोडा थोडा रंग निघूनच जातो की."

"जातो. वरचा मेलेला जातो, खालचा ताजा वर येतो. म्हणून तर थर जास्त मारायचे."

"असं असतंय तर," म्हणालीस आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन स्वतः घासायला लागलीस. मी सांगत होतो, धारेवर हात हलका ठेव, कडेला रंग पातळ असतो. पण तू कधी कुणाचं ऐकलंस?

तेव्हापासून दिवाळी झाली की गाडी घेऊन यायचीस. तोवर वर्षभराचं ऊन आणि तिकडची तांबडी धूळ खाऊन रंगावर पिठासारखी पांढुरकी झाक धरलेली असायची. आधी भरपूर पाणी मारून धूळ काढायची, नाहीतर तीच धूळ रंगाला कानस लावते. मग सावलीत घेऊन बॉनेटच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. तुझ्या दवाखान्यातल्या म्हादबा कंपाउंडरची सगळी नक्कल तू त्या वेळी करून दाखवायचीस. एकदा म्हणालीस, "माझा कंपाउंडर औषध पातळ करतो आणि तुझं कंपाउंड रंग पातळ करतंय. आपलं दोघांचं बुडणार एक दिवस." सुमन चहा घेऊन आली होती, तिच्या हातातला ट्रे हसण्यानं हलला.

त्या बॉनेटवर काय काय बोललो आपण! माझं आणि सुमनचं लग्न तिथं ठरलं म्हण की. तू लग्न का करत नाहीस हे मी तिथंच विचारलं होतं. तू घासत राहिलीस. मग म्हणालीस, "एकानं विचारलंतं. चांगला होता. पण त्याला रविवारी घरी असणारी बायको पायजे होती." त्याचं नाव मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

आप्पा गेले त्या वर्षीही तू आलीस. त्यांनी शेवटच्या आजारात तुझ्याच हातचं औषध घेतलं, तुझ्याशी बोललेही. पण काय बोलले ते तू कधी सांगितलं नाहीस. त्या दिवशी तू बॉनेटच्या पुढच्या कडेला इतका जोर लावलास की रंग पार जाऊन प्रायमर दिसायला लागला. तरी घासतच होतीस. मी तुझा हात धरला नाही. फडकं बदलून दिलं तेवढंच. माझं डोकं त्या दिवशी जागेवर होतं असं वाटतं.

मग नवे दिवस आले. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या दिसायला लागल्या. चंदेरी, निळसर, उन्हात वाळूसारख्या चमचमणाऱ्या. मेटॅलिक. त्यांचं गणितच वेगळं. खालचा थर नुसता रंगाचा. त्याला स्वतःची चकाकी नाही. त्याच्यावर क्लिअरचा थर, काचेसारखा पारदर्शक. चकाकी सगळी त्या वरच्या थरात. मी पुण्याला जाऊन ते काम शिकून आलो. शिरोलीला जागा घेतली, रंग फवारायला बंद बूथ बांधला. रंगवलेली पहिली गाडी वाळून बाहेर आली तेव्हा आकाश तिच्या टपावर उतरल्यासारखं दिसलं आणि मी फडकं हातातसुद्धा घेतलं नव्हतं! पन्नाशीला आलेल्या माणसाला एखादी नवी गोष्ट अशी आवडावी हे नशीब म्हणायचं.

त्या दिवाळीनंतर तू आलीस तेव्हा मी तुझी पाठ धरली.

"आक्का, आता तुझ्या गाडीला क्लिअर मारू या. रंग तुझा तोच, डाळिंबीच. पण वरनं काच. ऊन खालच्या रंगापर्यंत पोचणार न्हाय. पांढरी झाक न्हाय, दरवर्षी घासणं न्हाय. नुसतं साबणपाणी आणि मऊ फडकं."

"मग मी दिवाळीनंतर यायचं कशाला?"

मी हसण्यावारी नेलं. "भाऊबीज घ्यायला ये की."

"ओरखडा पडला तर?"

"क्लिअरपुरता असला तर जपून घासून निघतो."

"आणि खोल असला तर?"

"मग तेवढ्या भागाला परत रंग, परत क्लिअर."

"आत्ता कसं हाय? बैलगाडीचं जू घासलं, एसटीनं धूळ उडवली, मी घरात फडकं मारलं, गेलं. आणि तो वरचा थरच कुठं सुटला तर?"

इथं मी जरा अडखळलो. "मग पॉलिशनं भागत न्हाय. सोलल्यासारखा निघतो. खरवडून पुन्हा मारायचा."

"हां. म्हंजे साधा रंग हळूहळू म्हातारा होतो, आपल्याला बघायला मिळतंय. आणि हा तुझा नवा, कालपर्यंत पैलवान आणि आज अंथरुणावर."

"तुला जुनंच बरं वाटणार," मी चिडून म्हणालो. "रोग्यांना का मग नवी औषधं देतेस? काढा दे की!"

तेवढ्यात मला खोकला आला. तू बोलायची थांबलीस. रुग्णाकडं बघताना तुझी मान थोडी तिरकी व्हायची, तशी झाली.

"हे कधीपासनं?"

"थंडीचा हाय."

"थंडीचा खोकला रविवारी सुट्टी घेत न्हाय वश्या. सुमन सांगत होती, सुट्टीच्या दिवशी तुला खोकला नसतो. सोमवारी संध्याकाळपासनं छाती वाजायला लागती."

म्हणजे तू आधीच घरात चौकशी करून आली होतीस. मग बूथमध्ये गेलीस, फळीवरचे डबे एकेक उचलून बघितलेस. एका छोट्या डब्यावर बोट ठेवलंस.

"ह्यात काय हाय?"

"हार्डनर. तो मिसळल्यावरच क्लिअर कडक होतो."

"आणि तो फवारताना तू तोंडाला काय बांधतोस?"

मी खिशातला रुमाल दाखवला.

आक्का, तू रागावल्यावर ओरडायचीस, सगळा शाहूवाडी तालुका जाणतो. पण त्या दिवशी तुझा आवाज इतका खाली आला की मला भीती वाटली. म्हणालीस, "माझी गाडी तुझ्या ताब्यात देतो. काय मारायचं ते मार. पण तुझी छाती माझ्या ताब्यात दे. व्हय म्हण, न्हायतर गाडी घेऊन चाललो."

मी व्हय म्हणालो. मला गाडीचा मोह होता हे खरं. छातीचं मला काही वाटत नव्हतं.

तू मला मिरजेला घेऊन गेलीस. छातीचे फोटो, फुंकर मारायची तपासणी. तिथल्या डॉक्टरांशी तू इंग्रजीत बोलत होतीस आणि मी शाळेतल्या पोरासारखा बाकावर. बाहेर आल्यावर रसवंतीगृहात बसून तू मला समजेल असं सांगितलंस. त्या फवाऱ्यानं दमा सुरू झालाय. आता थांबवला तर थांबेल. असाच रुमाल बांधून मारत राहिलास तर दहा पावलं चालायला माणूस लागेल. एकतर गन खाली ठेव, नाहीतर बाहेरची स्वच्छ हवा नळीनं आत येईल असा मुखवटा आण आणि बूथला हवा ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा बसव.

"गन खाली ठेवणार न्हाय," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. म्हणून दुसरं सांगितलं."

मुखवटा मुंबईहून मागवला. तो आला त्या दिवशी तू दवाखाना बंद ठेवून शिरोलीला हजर. आधी स्वतःच्या तोंडावर चढवलास, पट्टे ओढलेस, आतून काहीतरी बोललीस, मला ऐकू आलं नाही. काढल्यावर म्हणालीस, "हवा येती. वास न्हाय. आता घाल." मी घातला. मला घुसमटल्यासारखं झालं, हाताला गनचा अंदाज लागेना. मी वैतागून काढणार, तर तू काचेच्या खिडकीबाहेर स्टूल टाकून बसलेली. डोळा हलवायला तयार नाहीस. आधीच पत्र्यापर्यंत खरवडून ठेवलेल्या तुझ्या गाडीला मी पुन्हा डाळिंबी मारली, वर क्लिअर मारला, आणि तेवढा सगळा वेळ तू त्या स्टुलावर. पोरं सांगतात, चहासुद्धा तिथंच बसून प्यालीस.

गाडी उन्हात आणली. तू तिच्याभोवती फिरलीस. दरवाजात वाकून स्वतःचं तोंड बघितलंस. "आई गं, एवढी म्हातारी झालो?" मग टपावरून हात फिरवत म्हणालीस, "देखणी हाय. मान्य." ते 'मान्य' मी अजून जपून ठेवलंय, कारण नंतर तू ते परत घ्यायला बघितलंस.

पुढच्या महिन्यात तू येऊन सांगितलेलं सगळं मला तुझ्याच आवाजात आठवतं. तू भर दुपारी विशाळगडाच्या रस्त्यानं येत होतीस. वळणावर एक बैलगाडी उभी. शेजारी एक माणूस, डोक्याला मुंडासं. तो गाडीकडं बघत राहिला, पण हात वर केला नाही. तू पुढं निघून गेलीस. पण आरशात तुला दिसलं की बैलगाडीत गवतावर कुणीतरी आडवं आहे आणि एक म्हातारी पदरानं वारा घालतीय. तू गाडी मागं घेतलीस. त्या चढावर, उलटी.

"हात का न्हाय केला रं?" तू विचारलंस.

"बाई, तुम्ही व्हय? वळकलंच न्हाय की! गाडी चकाकतीया जणू मंत्र्याची. म्हटलं कुणी पावणं असतील, कशाला थांबत्यात."

गवतावरच्या त्या अडलेल्या बाईला मागच्या सीटवर घेऊन तू निघालीस, पण दवाखान्यापर्यंत वेळच नव्हता. फणसाच्या झाडाखाली गाडी उभी केलीस आणि तिथंच बाळंतपण केलंस. मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. म्हातारीनं गाडीच्या दारावर कुंकवाचं बोट ओढलं.

सांगून झाल्यावर तू म्हणालीस, "बघ वश्या. मी आरशात बघितलं नसतं तर?"

"पण बघितलंस की."

"ह्या खेपेला बघितलं."

मी म्हणालो, लोकांना सवय होईल. आणि झालीही. पावसाळा संपेपर्यंत सगळ्या वाड्यावस्त्यांना कळलं की ही नव्यासारखी गाडी डॉक्टरीणबाईंचीच. मुद्दा माझा खरा ठरला. पण तू म्हणालीस, "सवय होईपर्यंतचा एक पावसाळा कुणाच्या नशिबी आला असता, ते तुझ्या हिशोबात न्हाय."

मग बॉनेटचं प्रकरण. गेल्या वर्षी आलीस तेव्हा बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढा क्लिअर सुटलेला. कडा वर आलेल्या, करपलेल्या पापडासारख्या, आणि खालचा डाळिंबी निस्तेज, धुळकट. मला धक्काच बसला. इतक्यात सुटायचं कारण नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं, आजूबाजूलाही थर कागदासारखा पातळ झालेला.

"हे कुणीतरी कंपाउंडनं घासलंय. जोर लावून."

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मग बाहेर आलं. म्हादबा दर बाजाराच्या दिवशी सकाळी गाडी घासायचा. वर्षानुवर्षं तेच करत आला होता. साध्या रंगाला ते मानवत होतं. क्लिअरचा थर मात्र मुळातच पातळ, तो किती घासून घेणार? वर घासून झिजला, खालून इंजिनची धग, त्यात दवाखान्यासमोरच्या फणसाचा चीक.

"मी तुला सांगितलंतं की नुसतं साबणपाणी!"

"मला सांगितलंतंस. त्याला मी सांगितलं न्हाय."

"का?"

"अरे, तो म्हातारा पहाटे उठून, धोतर खोचून माझी गाडी घासतोय. त्याला मी काय सांगू? तुझ्या घासण्यानं गाडी खराब होती म्हणू? बघ हां, रागवू नगं त्याला. शपथ हाय."

मी म्हणालो, गाडी ठेव, आठवड्यात नवी करून देतो. तू म्हणालीस, "आत्ता नगं. परत तो हार्डनर आलाच. तुझी तपासणी होऊ दे आधी. येत्या दिवाळीला बघू."

माझी तपासणी झाली. छाती पुष्कळ सुधारली. तू कागद उजेडात धरून बघितलास आणि पाठीवर एक धपका घातलास. ते शेवटचं भेटणं. दिवाळी यायच्या आधीच तू गेलीस. दुपारी, दवाखान्यात, एक पेशंट बाहेर गेला आणि दुसरा आत यायचा होता, तेवढ्या वेळात. खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय बंद पडलं म्हणाले.

आता जे लिहितोय ते रागानं लिहितोय, आक्का.

तुझ्या मातीला आलो त्या दिवशी म्हादबा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ टॉवेलची गाठ सोडत-बांधत होता. मग म्हणाला, "दादा, बाईंच्या छातीत वर्षभर कळ येत हुती. चढ चढताना थांबायच्या. जिभंखाली गोळी ठेवायच्या. मी म्हटलं, कोल्हापूरला दाखवू या, वसंतदादास्नी सांगतो. तर मला शपथ घातली. म्हणाल्या, त्याचं आत्ता कुठं बरं होतंय, त्याला कशाला घोर."

वर्षभर! मिरजेच्या त्या रसवंतीत मला समजावत होतीस, त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं म्हणायचं. माझी छाती ताब्यात घेतलीस. तुझी कुणाच्या ताब्यात दिली होतीस? मी स्टूल टाकून बसलो नसतो? तुझ्या दाराबाहेर, काचेतून बघत, चहा तिथंच पीत? मला ते करू द्यायला हवं होतंस. छातीच्या बदल्यात छाती मागितली असती मी. भांडलो असतो. भांडणात मी काही फार वाईट नाही, तुझ्याकडूनच शिकलोय. पण तू मला भांडायलाच बोलावलं नाहीस. मला ते समजतं आणि अजिबात समजत नाही, दोन्ही एकाच वेळी. सकाळी मुखवटा चढवला की हवा नीट आत येते, आणि मला ती हवा पहिल्या घोटाला कडू लागते. मग काम सुरू होतं. कामात बरं असतं.

गाडीचं काय करायचं हे विचारायला तिकडची माणसं आली होती. दवाखाना मंगल चालवते आता. नेसरीच्या शेतकऱ्याची पोर, डॉक्टर होऊन तुझ्या हाताखाली दोन वर्षं काढलेली. गाडी दवाखान्याकडंच राहावी असं सगळ्यांचं म्हणणं. माझंही तेच होतं. प्रश्न होता बॉनेटचा.

मी त्या बॉनेटसमोर बरेच दिवस उभा राहिलो. क्लिअरच मारायचा असं पहिल्यांदा ठरवलं, कारण मी चांगला रंगारी आहे आणि मला अर्धवट काम आवडत नाही. मग म्हादबा डोळ्यासमोर आला. मंगलला रोगी बघायला वेळ पुरत नाही, ती गाडीच्या क्लिअरला जपत बसणार? झाड तेच, चीक तोच, धूळ तीच, आणि पहाटे धोतर खोचून घासणारा माणूसही तोच. तो आहे तोवर घासणारच. त्याला तेवढंच करता येण्यासारखं उरलंय. मग मी सगळ्या गाडीचा रंग खरवडून उतरवला आणि जुन्या पद्धतीचा डाळिंबी रंग मारला. थर भरपूर दिले. दोघा पोरांना बाजूला करून बॉनेट एकट्यानं घासलं. खांदे दोन दिवस दुखत होते.

पण तू जिंकलीस असं समजू नकोस. शहरात, सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला अजूनही मी क्लिअरच सांगतो, आणि तो चांगलाच आहे. कुठला रंग बरा, हा वाद आपण घालत होतो. गाडी सांभाळणार कोण, हे आपण दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही. आता म्हणशील, हे मी पहिल्या दिवशीच म्हटलंतं. म्हण. पण तू तसं म्हटलं नव्हतंस.

गाडी पोचवायला गेलो तर नवीच अडचण. मंगलला गाडी चालवता येत नाही! तू तिला टाके घालायला शिकवलंस, सापाचं विष उतरवायला शिकवलंस, गाडीत मात्र नेहमी शेजारी बसवून फिरवलंस. मी म्हणालो, मी शिकवतो. तेव्हापासून दर रविवारी एसटीनं तिकडं जातोय. सुमन म्हणते, या वयात कशाला. मी म्हणतो, छाती बरी आहे.

पोरगी धीट आहे, पण क्लच सोडताना डोळे मिटते. मागच्या रविवारी चढावर गाडी बंद पडली. मागं उसाच्या बैलगाड्यांची रांग. त्यातला पहिला गाडीवान ओरडायला लागला, "ओ पावणं, झोपलासा काय? घ्या की बाजूला!" ती घामाघूम. तिनं चावी फिरवली, पुन्हा बंद पडली, पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा गाडीनं उडी घेतली आणि डावीकडच्या दगडी बांधाला घासत पुढं गेली. पत्र्याचा तो आवाज माझ्या दातांत गेला.

वर सपाटीला येऊन तिनं गाडी थांबवली. उतरून बघितलं. पुढच्या मडगार्डपासून दरवाजापर्यंत पांढरा ओरखडा, प्रायमरपर्यंत गेलेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, तुम्ही आत्ताच केलता रंग. आणि बाईंची गाडी."

"गाडी तुझी हाय आता," मी म्हणालो. "चढ चढलीस का न्हाय?"

"चढलो."

'चढलो' म्हणाली, आक्का. मी तोंड दुसरीकडं केलं.

तेवढ्यात सायकलवरून एक पोरगा निरोप घेऊन आला. खालच्या वाडीत कुणाला तरी झटके येत होते. मंगलनं पदर खोचला, गाडीत बसली आणि माझ्याकडं बघितलं. मी दार उघडायला हात पुढं केला होता. तो मागं घेतला.

"तू जा. मी एसटी पकडतो."

"एकटी?"

"जा की."

तिनं पहिल्या गिअरला फारच रेस दिली. मी ओरडणार होतो, क्लच हळू सोड. ओरडलो नाही. गाडी दोन आचके खाऊन सरळ झाली आणि उतारानं खाली गेली. वळणापर्यंत नीट गेली. वळणाच्या पुढचं मला दिसलं नाही.